आ करा, बाई!

बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते, पण हात धजत नव्हता. प्रवासाचं लिहिणं सोपं, लोणच्याचं त्याहून सोपं. आजचा विषय माझ्या स्वतःच्या तोंडाचा आहे, आणि वाचणाऱ्यांत माझे दीर-जावा, भाचे-पुतण्या आणि दोन्ही लेकी असणार हे मला ठाऊक आहे. तरी लिहिते. शेवटपर्यंत वाचा, मग रागवायचं तर रागवा.

तर झालं असं. गेल्या पावसाळ्यात माझी उजवीकडची खालची दाढ ठणकायला लागली. लवंग झाली, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या झाल्या, शेजारणीने दिलेली गोळी झाली. तिसरी रात्र गालाखाली हात धरून बसून काढली. धाकटी लेक पुण्याहून फोनवर म्हणाली, "आई, गाडी पाठवते, इकडे ये." मी म्हटलं, अगं, आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात मंगळवारी आणि शुक्रवारी दंत महाविद्यालयाची मुलं येतात, तिथेच दाखवते. तर ती ओरडलीच. "शिकाऊ मुलांच्या हातात तोंड देणार? तू काय प्रयोगशाळेतला बेडूक आहेस?"

बेडूक म्हटल्यावर मला हसू आलं, कारण मला आठवला माझा पहिला सराव पाठ. १९७३-७४ साली मी बी.एड. करत होते. पाठ टाचण काढायचं, ते तपासून घ्यायचं आणि कुठल्यातरी शाळेतल्या अनोळखी वर्गापुढे उभं राहायचं. मागच्या बाकावर आमचे सर वही घेऊन बसलेले. माझा पहिला पाठ सातवीवर होता, विषय समास. द्वंद्व समासाच्या खाली मी फळ्यावर बहुव्रीहीचं उदाहरण लिहिलं आणि मोठ्या आत्मविश्वासाने समजावूनही सांगितलं! पुढच्या बाकावरची एक पोर हळूच म्हणाली, "बाई, ते खाली यायला पाहिजे ना?" मागे सरांची पेन्सिल चालू होती. माझे पाय थरथरत होते.

त्या चाळीस मुलांचा तो तास माझ्या शिक्षणासाठी खर्ची पडला. त्यांना कुणी विचारलं नव्हतं. पुढे मी स्वतः शिक्षिका झाले, तेव्हा दरवर्षी माझ्या वर्गावर बी.एड.ची मुलंमुली पाठ घ्यायला यायची. मी आदल्या दिवशी वर्गाला सांगायची, "उद्या नवीन ताई येणार आहेत. त्या शिकायला आल्या आहेत, त्यांना सांभाळून घ्या." एवढं सांगितलं की उनाडातली उनाड पोरंसुद्धा शहाण्यासारखी बसत. त्यांच्यावर काहीतरी सोपवलंय हे त्यांना कळायचं.

म्हणून लेकीला म्हटलं, माझ्यावर कुणी शिकलं तर शिकू दे. आयुष्यभर दुसऱ्यांच्या मुलांवर मी शिकले, आता थोडी परतफेड.

शुक्रवारी गेले. केंद्राच्या मागच्या बाजूला एक खोली आहे, पूर्वी तिथे जुनी कपाटं आणि मोडक्या खाटा असायच्या. आता एक दातांची खुर्ची, वर दिवा, कोपऱ्यात घरघर करणारा कॉम्प्रेसर. कॉलेजच्या गाडीतून चार इंटर्न आणि त्यांचे एक सर येतात. बाहेर व्हरांड्यात बाकावर आम्ही तीस-पस्तीस जण. त्यांच्या भाषेत याला सॅटेलाइट सेंटर म्हणतात. जागा आणि वीज सरकारची, माणसं आणि हत्यारं कॉलेजची. बी.डी.एस.ची चार वर्षं झाली की एक वर्ष इंटर्नशिप असते, आणि २००७ च्या नियमावलीप्रमाणे त्यातले तीन महिने सामाजिक दंतवैद्यक आणि ग्रामीण सेवेचे. म्हणजे ही मुलं आमच्यावर उपकार करायला आलेली नव्हती. तो त्यांचा अभ्यासक्रम होता. हे कळल्यावर मला उलट बरं वाटलं. उपकाराला नाही म्हणता येत नाही, अभ्यासाला शंका विचारता येते.

आपल्या देशातलं पहिलं दंत महाविद्यालय डॉ. रफिउद्दीन अहमद यांनी १९२० साली कलकत्त्यात काढलं. आज देशभरात तीनशेच्या वर कॉलेजं आहेत. पण दातांचे दवाखाने बघावेत तर शहरात एकेका रस्त्यावर चार-चार, आणि आमच्यासारख्या गावात दाढ दुखली की लवंग. शिकणाऱ्या मुलांना माणसं हवीत आणि माणसांना दवाखाना हवा, म्हणून ही सोयरीक. सोयरिकीत दोन्ही बाजूंचं बघावं लागतं, ते पुढे सांगते.

माझा नंबर लागला. एका मुलाने केसपेपर पुढे ओढला. तो उंच, शिडशिडीत, लातूरकडच्या बोलीचा. नाव, वय, ७४. मधुमेह? नाही. रक्तदाब? आहे, गोळी चालू. मग त्याने मान वर न करता विचारलं, "तंबाखू, मशेरी, पान, सुपारी काही?"

मी म्हटलं, "नाही."

वाचणाऱ्यांपैकी ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. मशेरी म्हणजे तव्यावर काळा होईस्तोवर भाजलेला तंबाखू, कुटून केलेली पूड. आमच्या भागातल्या कितीतरी बायका ती सकाळी दाताला लावतात, आणि मग दुपारी, आणि मग संध्याकाळी. मी लावत होते. थोरली झाली त्यानंतर दाढ दुखत होती म्हणून सासूबाईंनी चिमूटभर दिली, तेव्हापासून. पंचेचाळीस वर्षांच्या वर झाली. शाळेच्या पर्समध्ये खडूच्या डबीसारखी दिसणारी एक डबी असायची. मधल्या सुट्टीत मी कुठे जात असे, हे आता माझ्या जुन्या सहकारी मैत्रिणींच्या लक्षात येईल. आणि याच हाताने मी फळ्यावर 'तंबाखूचे दुष्परिणाम' लिहून मुलांकडून पाठ करून घेतले आहेत. ह्यांना माहीत होतं. ते गेले, गोष्ट माझ्यापाशी राहिली.

त्या मुलाने केसपेपरवर 'नाही' लिहिलं. "आ करा, आजी." आरसा घालून आधी दाढ बघितली. मग खालचा ओठ बोटाने अलगद बाहेर ओढून धरला आणि तिथेच थांबला. कापसाने पुसून बघितलं, पुन्हा पुसलं. मी समजले. जिथे रोज बोट टेकवून मशेरी ठेवायची, नेमकी तीच जागा.

त्याने आरसा बाजूला ठेवला आणि हलक्या आवाजात म्हणाला, "माझी आजी पण लावते. ती पण पहिल्यांदा नाहीच म्हणते."

एवढंच. दटावणी नाही, भाषण नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, दाढेमुळे आलंय असं दाखवून मी पुसलं. मग म्हटलं, "खोड बाळा ते 'नाही'. पंचेचाळीस वर्षं लिही."

त्याने सरांना बोलावलं. पुढचं मी शिक्षिकेच्या डोळ्यांनी बघितलं. सरांनी लगेच माझ्या तोंडात बघितलं नाही. आधी म्हणाले, "तू काय पाहिलंस ते सांग." तो म्हणाला, खालच्या ओठाच्या आत पांढरा चट्टा आहे, सुरकुतलेला, पुसून जात नाही. "मग काय वाटतं? अजून काय असू शकेल? पुढे काय करशील?" त्याने एकेक सांगितलं, एका ठिकाणी अडखळला, सरांनी पूर्ण वाक्य न देता एकच शब्द दिला, गाडी पुढे गेली. मनात म्हटलं, या माणसाला पाठ निरीक्षण जमतं. मग त्यांनी स्वतः बघितलं आणि माझ्याकडे वळून सरळ सांगितलं, "बाई, असे सगळे चट्टे कॅन्सर होत नाहीत, पण काही होतात. तुकडा काढून तपासायला हवा. आणि मशेरी आजपासून बंद." तोंडाचा कॅन्सर आपल्या देशात किती आहे, हे मी इथे वेगळं सांगायला नको. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, पण मशेरी घरच्या तव्यावर होते, तिच्यावर कोण बंदी आणणार?

दाढ त्या दिवशी निघाली नाही. रक्तदाबाचा वरचा आकडा १७० च्या पुढे होता. त्याच इमारतीतल्या डॉक्टरांनी गोळी बदलून दिली आणि पुढच्या शुक्रवारी यायला सांगितलं.

पुढच्या शुक्रवारी खुर्चीपाशी एक चष्मेवाली मुलगी होती. तिने मास्क खाली करून आधी चेहरा दाखवला आणि म्हणाली, "आजी, मी अजून शिकते आहे. सर शेजारी उभे राहतील. मी काढली तर चालेल का?" मी म्हटलं, "चालेल. मी कुठे पळून जात नाही." खोटं कशाला सांगू, सरांनी पाच मिनिटांत काढली असती ती दाढ तिला पंचवीस मिनिटं लागली. भूल चांगली दिली होती, दुखलं नाही. पण मुळाचं टोक मोडलं, ते शेवटी सरांनी काढलं. तिच्या कपाळावर घाम. मी कापूस चावून बसले होते, बोलता येत नव्हतं, म्हणून तिच्या हातावर थोपटलं. मला माझा द्वंद्व समास आठवत होता.

आता जे सांगायचं म्हणून हा लेख लिहायला घेतला ते.

कापूस धरून मी बाजूच्या बाकावर अर्धा तास बसले. माझ्यानंतर एक बाई खुर्चीत बसली, शेतमजुरीला जाणारी, माझ्याच एका विद्यार्थ्याची आई. दुसऱ्या एका इंटर्नने "आ करा" म्हटलं आणि सुई घेतली. मी शिकतोय, नाही. चालेल का, नाही. काय करतोय तेही नाही. काम त्याने वाईट केलं असं अजिबात नाही. पण मला विचारलं आणि तिला नाही. मी स्वच्छ पातळ नेसून, चष्मा लावून, शुद्ध बोलत आले होते म्हणून? त्या दिवशी सगळे मला बाई म्हणत होते म्हणून?

घरी येऊन दोन दिवस डोक्यात तेच. तोंड तिचंही तेवढंच. उलट मला पुण्याची गाडी होती, तिला या खुर्चीशिवाय दुसरं काही नव्हतं. जिला नाही म्हणायची सोय नाही, तिला विचारण्याची गरज जास्त. माझ्या वर्गातल्या पोरांना मी सांगत असे, 'त्यांना सांभाळून घ्या', तेव्हा ती पोरं शिकवण्यात भागीदार होत. न सांगता बसवली असती तर नुसती वापरली गेली असती.

मंगळवारी सरांना बाजूला घेऊन सांगितलं. जीभ जरा चाचरली, कारण त्यांनी माझं भलंच केलं होतं. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "बरोबर आहे, बाई. हे आम्ही वर्गात शिकवतो. इथे गर्दी झाली की राहतं." पुढच्या शुक्रवारी मी मुद्दाम जाऊन बसले. त्याच मुलाने एका म्हातारीला विचारलं, "आजी, मी अजून शिकतोय. मी दात काढला तर चालेल का?" ती त्याच्याकडे बघतच राहिली. म्हणाली, "नको म्हटलं तर चालतंय व्हय?" तो म्हणाला, "चालतंय. मग सर काढतील." ती म्हणाली, "मग तूच काढ."

व्हरांड्यातले सगळे हसले. मी पण हसले, पण घशात काहीतरी अडकलं होतं. सत्तर वर्षांच्या आयुष्यात तिला डॉक्टरच्या खोलीत 'नको' म्हणता येतं हे त्या दिवशी कळलं.

मुलंही इथे बरंच शिकतात, मी रोज बघते. एका आजोबांना लातूरच्या मुलाने सांगितलं, पूर्ण कवळी हवी तर कॉलेजला पाच वेळा यावं लागेल. मापं घ्यायची, पुन्हा नीट मापं, मग चावा, मग लावून बघणं, मग हातात. आजोबा काही न बोलता उठले. मुलगा माझ्याकडे बघून म्हणाला, "यांना कवळी नकोय का?" मी म्हटलं, "हिशेब कर." पंच्याहत्तरीच्या पुढच्यांना एस.टी. २०२२ पासून फुकट आहे, पण आजोबांना डोळ्यांनी दिसत नाही, सोबत मुलगा लागतो. मुलाची पाच दिवसांची मजुरी बुडाली म्हणजे घरात काय शिजणार? त्याने खरंच केसपेपरच्या मागे हिशेब मांडला आणि सरांना दाखवला. आता मापं इथेच घेतात, आणि कॉलेजला जायचं त्या दिवशी कॉलेजची गाडी नेते.

आणखी एक. मराठी शाळेत तपासणीच्या दिवशी वीज गेली. मला वाटलं, संपलं. तर त्या मुलांनी पोरांना बाकावर आडवं केलं, छोट्या हत्यारांनी कीड खरवडून काढली आणि सिमेंट भरलं. यंत्र नाही, आवाज नाही, म्हणून रडारड नाही. सरांनी सांगितलं, ही पद्धत ऐंशीच्या दशकात टांझानियात सुरू झाली, अशाच वीज नसलेल्या गावांसाठी, आणि १९९४ च्या जागतिक आरोग्य दिनाला आरोग्य संघटनेने तिचा पुरस्कार केला. कॉलेजच्या चकचकीत खुर्चीपाशी ती करायची वेळ कितीशी येणार?

पण या सोयरिकीत एक मोठी खोट आहे. तीन महिने झाले की तुकडी बदलते. लातूरचा मुलगा गेला, चष्मेवाली गेली. नव्या मुलांना माझा चट्टा ठाऊक नाही, आजोबांची कवळी ठाऊक नाही. केसपेपर असतात, पण ते गठ्ठ्यात. मी तर आपणहून जाऊन सांगेन, बाकीचे? ज्यांना 'तीन महिन्यांनी पुन्हा या' सांगितलंय ते दुखल्याशिवाय येत नाहीत, आणि हे चट्टे दुखत नाहीत, हीच तर गोम.

म्हणून मी एक वही घातली आहे. शाळेच्या पटासारखी आखलेली. नाव, वस्ती, काय दिसलं, केव्हा बोलावलंय, आले की बरोबरची खूण, नाही आले तर गैरहजर. गैरहजरांच्या घरी आशाताई जातात, जवळ असेल तर मी जाते. नाव घालण्याआधी ज्याचं त्याला विचारते, वही सरांच्या कुलपात असते. आज तिच्यात ३१ नावं आहेत. दर नव्या तुकडीला पहिल्या दिवशी सर माझ्यासमोर बसवतात आणि मी पट वाचून दाखवते. निवृत्त होऊन १६ वर्षं झाली, पुन्हा हजेरी घेते आहे!

पटावर पहिलं नाव माझं आहे. त्यापुढे मशेरी, ४५ वर्षं, असं स्वच्छ लिहिलं आहे. नवी मुलं ते वाचतात आणि बिचकत माझ्याकडे बघतात. बघू देत. त्यांना त्यातून कळतं की चांगल्या घरच्या, शिकलेल्या, शुद्ध बोलणाऱ्या बाईचं 'नाही' लगेच लिहून घ्यायचं नसतं.

तुकड्याचा रिपोर्ट काय आला, हे विचाराल. कॅन्सर नाही. पेशींमध्ये थोडा बदल आहे, म्हणून दर तीन महिन्यांनी दाखवायचं. मशेरी सोडून सात महिने झाले. पहिला महिना फार वाईट गेला. सकाळी पोट साफ होईना, डोकं दुखायचं, कुणाशी धड बोलत नव्हते. थोरलीला वाटलं मी तिच्यावर रागावले आहे. अगं, तुझ्यावर नाही, डबीवर रागावले होते. ती डबी मी चुलीत घातली.

दोघींनाही हे फोनवर सांगायला जमलं नाही, म्हणून इथे लिहिलं. आपल्या घरात अजून कोण कोण लावतं हे मला माहीत आहे, नावं घेत नाही. दिवाळीला सगळे इकडे याल तेव्हा एक दिवस वाढवून या, त्या आठवड्यातला मंगळवार किंवा शुक्रवार धरून. नंबर मी लावून ठेवीन.

असो. एक तारखेला नवी तुकडी येते आहे, पटाची नवीन पानं आखायची आहेत.